वीस अर्धी वाक्यं

४ जानेवारी

ताई,

झालं तुझं समाधान? "भोंग्याच्या हातात पैसा टिकत नाही, जाईल तिथे उडवून येतो," असं तू आईला म्हणालीस आणि आईने ते पत्रात जसंच्या तसं उतरवून मला धाडलं. मागच्या खेपेला बूट घेतले म्हणून सहाऐवजी पाच हजार धाडले. बूट घेणं म्हणजे उडवणं होय? लोखंडावर अनवाणी चढू? आणि मी तीन नोकऱ्या सोडल्या हे अजून किती वर्षं उगाळणार आहेस? गोदामात जीव कोंडायचा, बेकरीत मालक कानाखाली मारायचा, आणि तिसरी मी सोडलीच नाही, तिने मला सोडलं. "अस्थिर" हा शब्द तुझ्या पुस्तकातला आहे, तो तुझ्या कैद्यांना लाव. तुझ्या मानसशास्त्राच्या एम.ए.ची फी सातवी नापास माणसाच्या पैशाने भरली जाते, तेव्हा नापासाशी जरा जपून बोल.

इथे मी टिकलोय. विजेच्या मोठ्या तारांचे टॉवर उभे करायचे, तार ओढायची, पुढच्या टॉवरकडे सरकायचं. राहायला पत्र्याची खोली, ट्रकवर टाकून नेता येते अशी. आत दोन खाटा. झोपेत हात पसरला तर पलीकडच्या माणसाला लागतो. फोन इथे फक्त घड्याळ म्हणून चालतो. पत्रं डिझेलच्या ट्रकवाल्याच्या हाती, तो येईल तेव्हा.

पलीकडच्या खाटेवर फिटरकाका. आमच्यात सगळ्यात जुने आणि सगळ्यात वर चढणारे. वर गेलं की कमरेच्या पट्ट्याचा आकडा लोखंडात अडकवायचा असतो. काका हल्ली अडकवत नाहीत. पट्टा कमरेला नुसता, आकडा लोंबतोय, आणि हा माणूस वाऱ्यात बाजाराला निघाल्यासारखा चालतो. मुकादम खालून ओरडतो, काका हसतात. मी पण आता अडकवत नाही. घाबरू नकोस, आणि आईला सांगू नकोस.

तू भरायला धाडलेला तो कागद सोबत आहे. "वाक्य पुरं कर, मनात पहिलं येईल ते लिही, विचार करू नकोस." वीसच्या वीस पुरी केली. शाळेत आख्खा पेपर कधी सोडवला नव्हता. मॅडमकडून मला चांगले मार्क मिळवून दे.

भोंग्या

१३ जानेवारी

भोंग्या,

बुटांबद्दल चुकलं माझं. बूट चांगलेच घे.

हे चौथं पत्र. आधीची तीन फाडली. पहिल्यात मी तुला हसवत बसले होते, दुसऱ्यात ओरडत होते, तिसरं वाचलं तर मॅडमनी लिहिल्यासारखं वाटलं.

आधी माझं सांगते. या सत्रात आम्हाला तुरुंगात शिकायला पाठवतात. गेटवर पेन, चावी, केसातली पिनसुद्धा काढून घेतात. आत एक खोली, टेबल जमिनीला बोल्टने पक्कं केलेलं. पहिल्या दिवशी मॅडमनी काय शिकवलं, तर खुर्ची. "दाराजवळची खुर्ची तुझी, पण दार अडवून बसायचं नाही." समोर माणूस आणून बसवतात. त्याच्याशी बोलायचं, त्याचं ऐकायचं, आणि अंदाज करायचा की हा बाहेर गेला तर कोणाला इजा करेल का, की स्वतःलाच करेल. तो बहुतेक वेळा माझ्यापेक्षा जास्त घाबरलेला असतो. हे कळूनही मी दार किती पावलांवर आहे ते मोजते.

तो वाक्यांचा कागद आमच्या सरावाचा. पाच अनोळखी माणसांकडून भरून घ्यायचा होता. घरच्या माणसावर सराव करायचा नाही, हा आमच्याकडचा पहिला नियम. मला चारच भेटले, म्हणून पाचवा तुला धाडला. वाटलं, "माझी बहीण भांडकुदळ आहे" असलं काहीतरी लिहिशील आणि आम्ही हसू.

तू हे लिहिलंस:

मला भीती वाटते ती — आता कशाचीच नाही.
माझे हात — दुसऱ्यांना धरून दमले.
मी नसलो तर — कोणाचं काही अडणार नाही.
माझा साहेब — मुकादम. त्याचा हिशेब राहिलाय.
लवकरच मी — हलका होईन.

अक्षर तुझं आहे. आणि त्याच पाकिटात लिहितोस की आकडा अडकवत नाही.

हा प्रश्न मी अनोळखी माणसाला विचारते, आवाज न हलवता. तुला विचारायला तीन कागद गेले. विचारते. भोंग्या, तुला जीव द्यावासा वाटतो का? मुकादमाचं काही करायचं तुझ्या मनात आहे का? काहीही असलं तरी मी ओरडणार नाही. ट्रकवाल्याबरोबर निघून ये. फी गेली खड्ड्यात. आईला काही सांगितलेलं नाही. आज हे पत्र खिशात घालून वर जाशील, तेव्हा आकडा अडकव.

तुझी ताई

२१ जानेवारी

ताई,

अगं, तो मी नाही!

तुझं पत्र वाचून मी इतक्या मोठ्याने हसलो की आचारी पळत बघायला आला. मला जीव द्यायचाय? मला? जेवणाची थाळी वाजली की रांगेत पहिला कोण असतो, विचार त्याला.

काय झालं ते सांगतो. पेन घेऊन बसलो तर एक वाक्य पुढे सरकेना. मनात पहिलं येईल ते म्हणे! माझ्या मनात पहिलं येतं ते बहिणीला लिहिण्यासारखं नसतं. फिटरकाका खाटेवर पडले होते. म्हटलं, "काका, बहिणीचा पेपर आलाय, सांगा काहीतरी." मी अर्धं वाक्य वाचायचो, ते छताकडे बघत उरलेलं बोलायचे, मी लिहायचो. शाळेत शेजारच्याचं उतरवायचो, तसंच. भराभर बोलत गेले, एकदासुद्धा अडले नाहीत. मी म्हटलं, "काका, तुम्ही पहिल्या नंबरात पास." तर म्हणाले, "उशीर झाला रे."

एवढं लिहून मी जेवायला गेलो. आता परत लिहायला बसलोय आणि हसू येत नाहीये.

काका ताटासमोर बसले होते. मी तुझी ती पाच वाक्यं एकेक करून त्यांच्या तोंडात ठेवून बघितली. ताई, ती बसतात.

त्यांनी आपला रेडिओ आचाऱ्याला देऊन टाकला. मला त्यांचा मोठा पाना दिला, दांड्याला सुतळी गुंडाळलेला, ज्याला ते कोणाला हात लावू द्यायचे नाहीत. मी म्हटलं, "आणि तुम्ही कशाने बोल्ट आवळणार?" म्हणाले, "माझं आवळून झालं." मला वाटलं सुट्टीवर निघालेत. हल्ली दिसतात पण खुशीत. आणि तो लोंबता आकडा. मला ती मर्दुमकी वाटायची. मी त्यांची नक्कल करत होतो, ताई, कशाची नक्कल करत होतो मी!

आचाऱ्याला बाजूला घेऊन विचारलं. मागच्या लाइनवर काकांचा जोडीदार पडला. आकडा लावून पडला. पट्टाच उसवला, आतून कुजलेला होता. मुकादमाने कागदावर लिहिलं की त्याने पट्टा लावलाच नव्हता, आणि खाली काकांची सही घेतली. नाहीतर सगळ्यांचं काम बंद झालं असतं म्हणे.

आता तो माणूस माझ्यापासून हातभर अंतरावर झोपतो. तो स्वतःचं काही करेल, की मुकादमाचं, की मी मधे आलो तर माझं? आणि दाराजवळची खाट त्यांची आहे. यावर काय म्हणतात तुझ्या मॅडम?

मी विचारणार नाही. ते तुझं काम, त्याचं शिक्षण तू घेतेस. आणि त्यांच्या मनात नसलेलं माझ्या विचारण्याने मनात आलं तर? तो कागद फाडून टाक. मी काही पाठवलंच नव्हतं असं समज.

आकडा अडकवतोय. शप्पथ.

भोंग्या

२९ जानेवारी

भोंग्या,

"तो मी नाही" एवढं वाचलं आणि मी जिन्यातच बसून रडले, आनंदाने. मग पुढचं वाचलं. दुसऱ्या कोणाच्या तरी जिवावर बेतलंय हे कळूनही मला हायसंच वाटत होतं. हे मी विसरायचं म्हटलं तरी विसरणार नाही.

कागद फाडला नाही, मॅडमकडे नेला. नियम मोडला तेही सांगितलं. त्यांनी कागद दोनदा वाचला. मग म्हणाल्या, "हे विभागाच्या शिस्त समितीपुढे जाणार, मी थांबवणार नाही. पण आधी त्या माणसाचं बघू." म्हणजे माझं हे वर्ष जाईल बहुतेक. ते राहू दे.

मॅडम म्हणतात, कागदावरून कोणाचं पुढचं कळत नाही. अशीच वाक्यं लिहून माणसं म्हातारी होतात. पण वस्तू वाटून टाकणं, एकदम हलकं दिसणं आणि तो आकडा, हे कागदावरचं नाही. ते तू डोळ्यांनी बघितलंस.

तेव्हा विचारायचं. विचारल्याने मनात येत नाही, उलट मनातलं बाहेर यायला वाट मिळते. हे मी तुरुंगात होताना पाहिलंय. पण आडून नको. "काका, बरे आहात ना?" म्हटलं की माणूस "बरा आहे" म्हणतो आणि दार लागतं. सरळ शब्दांत विचार. हो म्हणाले तर तू घाबरलेला दिसलास तरी चालेल, पण उठून जाऊ नकोस. उपदेश नको. मुकादमाबद्दलही विचार. कोणाला सांगणार नाही असं वचन देऊ नकोस. एकट्याने पेलू नकोस, आचाऱ्याला बरोबर घे. त्यांना वर चढू देऊ नका, एकटं सोडू नका, आणि मोठ्या दवाखान्यात न्या.

पण ट्रक येईल तेव्हाच तुला हे कळणार. म्हणून आज तुमच्या कंपनीच्या ऑफिसला फोन केला. कारकुनाने घेतला. मी म्हटलं, तुमच्या लाइनवरच्या फिटरच्या जिवाला धोका आहे, त्यांना वर पाठवू नका. तो म्हणाला, "तुम्ही डॉक्टर का?"

"नाही, शिकतेय."

"मग शिका की, बाई."

मी सोडलं नाही. शेवटी वैतागून म्हणाला, बरं, वायरलेसवर मुकादमाला कळवतो.

फोन ठेवल्यावर लक्षात आलं, मी कोणाला कळवायला सांगितलं ते.

ताई

७ फेब्रुवारी

भोंग्या,

तुझं काहीच नाही. ऑफिसला रोज फोन करते. आज तो कारकून म्हणाला, "तुमच्या त्या फोनने तिकडे फार घोळ झाला," आणि ठेवून दिला. कसला घोळ? कोणाचा? पुन्हा लावला तर उचलत नाहीत.

आई विचारते, पोराचं पत्र का नाही. मी म्हटलं, ट्रक बिघडला असेल.

आज तुरुंगात समोरच्या माणसाने मलाच विचारलं, "बाई, आज बऱ्या आहात ना?" मी म्हटलं, "बरी आहे."

एक ओळ लिही. रागावलास तरी तेवढंच लिही.

ताई

१२ फेब्रुवारी

ताई,

जिवंत आहे. दोघंही. हे आधी लिहितो, मग बाकीचं.

तुझी दोन्ही पत्रं काल एकदम मिळाली. डिझेलवाल्याने इथे दवाखान्यात आणून दिली. म्हणजे तू सांगितलेलं एक अक्षर मला माहीत नव्हतं. काही उलटंसुलटं केलं असेल तर मॅडमना सांग, पण हळूच सांग.

तुझा निरोप आला, ताई. सकाळी सगळे पट्टे बांधत होतो. मुकादम वायरलेसवरून उठून आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "काय फिटर, ऑफिसातून फोन होता. तुम्ही मरणार आहात म्हणे! रजेचा अर्ज टाका हो आधी!" पोरं हसली. मी पण हसलो. तोंडातून निघून गेलं, कसं ते मला माहीत नाही. काका पण हसले. सगळे थांबल्यावर सुद्धा थोडा वेळ हसत होते. मग वळले आणि चढायला लागले.

मुकादम खालून ओरडला, "अहो, चेष्टा केली! उतरा!" त्याचा आवाज फाटला होता.

मी मागे गेलो. शूर म्हणून नाही. खाली उभं राहून वर बघणं मला जमलं नसतं. काका वरच्या आडव्या भुजेच्या टोकाला जाऊन बसले, पाय खाली सोडून. तिथे वाऱ्याने लोखंड गुणगुणतं, आणि खालची माणसं बोल्टएवढी दिसतात. मी पोटावर सरपटत गेलो. काकांजवळ पोचल्यावर कळलं की माझा आकडा कुठेच अडकवलेला नाही. डोळे घट्ट मिटून चाचपायला लागलो, लोखंड सापडेना. जी कडी आधी हाताला लागली तीत आकडा घातला. ती कडी काकांच्या पट्ट्याची होती.

तुला वाटेल मी मुद्दाम केलं. आचारीपण तसंच सगळ्यांना सांगत सुटलाय. नाही ताई, नुसती भीती होती. आम्ही दोघं एकमेकांना बांधलेले आणि टॉवरला कोणीच नाही.

काकांनी खाली बघितलं, मग माझ्याकडे, आणि असे खेकसले, "गाढवा! आपसात काय बांधतोस, लोखंडाला बांध!" आणि हे बोलता बोलता त्यांनी स्वतःचा आकडा उचलून लोखंडात घातला. खट् असा आवाज आला. एका हाताने त्यांनी माझी कॉलर धरली होती. जोडीदार घसरला की फिटर धरतो तशी.

मी रडायला लागलो. भोंगा म्हणतेस ना, तसाच, मोठ्याने. आणि विचारलं. माझ्याकडे स्वतःचे शब्द नव्हते. तू मला विचारलेलं तेवढं एकच वाक्य येत होतं. म्हटलं, "काका, तुम्हाला जीव द्यावासा वाटतो का?"

ते म्हणाले, "हो."

एवढंच. मला वाटलं होतं विचारलं की आभाळ कोसळेल. वारा तसाच होता.

मी म्हटलं, "आज?"

"आज नव्हतं ठरलं. ही तार ओढून झाल्यावर. काम अर्धं टाकून जात नाही मी."

"आणि मुकादमाचा हिशेब?"

"त्याला एवढंच सांगायचं होतं, तो कागद काढ आणि माझी सही खोड."

मग खाली सोडलेले पाय वर घेतले. कॉलर मात्र सोडली नाही. शेवटी म्हणाले, "चल, तुझे पाय थरथरतायत, मला बघवत नाही." आणि माझा आकडा आपल्या पट्ट्याच्या कडीतून काढून लोखंडात लावून दिला. मग पायरी पायरीने मला खाली उतरवलं. मी त्यांना आणायला गेलो होतो आणि त्यांनीच मला आणलं.

मुकादमाकडे जीप मागितली. "जीप कंपनीची आहे, डिझेलच्या ट्रकने जा." ट्रक येईपर्यंत आचारी आणि मी पाळीपाळीने त्यांच्याजवळ बसलो. काका म्हणाले, "एवढा पहारा तारेलाही नसतो रे, आणि ती चोरीला जाते."

आता दवाखान्यात आहेत. तुझ्यासारखीच एक बाई त्यांच्याशी बोलायला येते. मी बघितलं, दाराजवळच्या खुर्चीत बसते आणि दार अडवत नाही. सुरुवातीला काका तिच्याशी हूं का चूं करेनात. परवा सहीचं सांगितलं. मग दिवसभर झोपले.

बरं झालं असं लिहिणार नाही. मला अजून भीती वाटते. ते संडासला गेले की मी दाराबाहेर उभा राहून खोकतो, मग ते आतून खोकतात. आतून यायला जरा उशीर झाला की मी दार ठोठावतो. आज परत तेच विचारलं. म्हणाले, "आज नाही." मी म्हटलं, "उद्या विचारीन." म्हणाले, "विचार."

तुझ्या फोनचं मनाला लावून घेऊ नकोस. तो निरोप नसता आला तर काका तार ओढून होईपर्यंत हसत राहिले असते आणि मी न विचारता नुसता बघत राहिलो असतो. की काही वेगळंच झालं असतं, मला माहीत नाही. समितीला माझी साक्ष लागली तर बोलाव. सही देतो. खरी.

आता पैशाचं. कामाचे दिवस बुडाले, मुकादमाने तेवढे पैसे कापले. आणि कंपनीचे पट्टे मी शिवण फाडून बघितले. आतला दोरा हाताने तुटतो, ताई. रोज त्याच्यावर लटकत होतो. म्हणून दुकानातून दोन नवे घेतले, एक माझा, एक त्यांचा. वॉर्डात नेऊ देईनात, तुझ्या तुरुंगाच्या गेटसारखंच. मग नर्सला उभं करून काकांनी दारातच शिवण तपासली, बोट फिरवून, डोळे मिटून. पहिले दोन्ही परत करायला लावले. "ही शिवण नाही, ही रांगोळी आहे. बदलून आण." मी म्हटलं, "तुम्ही परत चढाल की नाही कोणाला ठाऊक, एवढी घासाघीस कशाला?" म्हणाले, "तू तर चढशील ना."

बदलून आणले. महाग पडले. भोंग्याने परत उडवले असं आईला म्हणायचं तर म्हण, या खेपेला मी भांडणार नाही. तुझ्या फीसाठी उरले तेवढे धाडतोय: एक हजार दोनशे.